पिन का अडकते?

'पिन अडकणे' हा वाक्प्रचार आपल्या घरांतून अजून ठणठणीत आहे. कुणी तीच गोष्ट चौथ्यांदा सांगू लागलं, की घरातली मंडळी म्हणतात, "झालं, ह्यांची पिन अडकली!" ज्या मुलांनी रेकॉर्ड प्लेअर जन्मात पाहिला नाही, तीसुद्धा हे सहज म्हणून जातात. वस्तू गेली, वाक्प्रचार राहिला. आता उलटी गंमत अशी, की वस्तूच परत येऊ लागली आहे. एकीकडे कॉलेजात जाणारी मुलं वाढदिवसाला टर्नटेबल मागतात. दुसरीकडे पुण्या-मुंबईकडच्या जुन्या इमारती पाडून नव्या होताहेत आणि पोटमाळ्यावरच्या पेट्या विमानाने इकडे येताहेत. पेटीत निघतात वडिलांनी पगारातून एकेक करून घेतलेल्या एच.एम.व्ही.च्या तबकड्या : गीतरामायण, नाट्यसंगीत, अभंग, पु.लं.चे कथाकथन.

वस्तू परत आली तशी तिची व्याधीही परत आली. ह्या हिवाळ्यात आम्हाला मस्कतमधून आणि अमेरातमधून मिळून चार घरांतून एकच तक्रार ऐकू आली : "सुई उडते हो! नवी सुई घातली, तरी उडते. रेकॉर्डच खराब असणार. टाकून द्याव्यात का?" ह्या शेवटच्या प्रश्नासाठी आजचा लेख. कारण चारांपैकी तीन घरांत तबकड्यांचा दोष किरकोळ होता. खरा दोष होता तो दोन चांगल्या वस्तूंची सोयरीक न जुळल्याचा. त्या दोन वस्तू म्हणजे सुई धरणारे कार्ट्रिज आणि कार्ट्रिज धरणारा लांब हात, ज्याला टोनआर्म म्हणतात.

आधी सुईचे काम काय ते पाहू. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेरे घेते. एका बाजूला वीस मिनिटांचे गाणे असेल, तर ती खाच उलगडून सरळ केल्यास चारशे मीटरहून लांब भरेल. म्हणजे मैदानावरची एक पूर्ण फेरी! खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते. तिच्या दोन भिंतींवर डावा आणि उजवा असे दोन आवाज कोरलेले असतात. सुईने ह्या दोन्ही भिंतींना सतत टेकून राहायचे आणि सेकंदाला वीसपासून वीस हजार वेळांपर्यंत थरथरायचे. बरे, बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर आत लेबलाजवळ फक्त २१ सेंटिमीटरने. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीने कोरलेला असतो. म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात 'स', 'श', 'च' ही अक्षरे आधी फाटतात.

सुई उडू लागली की घरोघरी काही ठरावीक उपाय होतात. ते क्रमाने करावेत, कारण स्वस्त उपाय आधी.

पहिला उपाय सफाई. अमेरात म्हणजे चहूबाजूंनी डोंगर आणि मध्ये आपली वस्ती. वारा सुटला की कपाटाच्या आतसुद्धा धूळ बसते. तबकडी कार्बन ब्रशने पुसावी, फार मळली असेल तर डिस्टिल्ड पाण्याने धुवावी. सुईवरचा धुळीचा पुंजका मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने काढावा. दुसरा उपाय, प्लेअर समतल आहे ना ते स्पिरिट लेव्हल ठेवून पाहणे. तिसरा, सुईचा दाब. तो कारखान्याने दिलेल्या मर्यादेत हवा आणि मर्यादेच्या वरच्या अर्ध्या भागात असलेला बरा. लोकांना वाटते, दाब जितका कमी तितकी तबकडी सुरक्षित. हे खरे नाही. दाब कमी पडला की सुई भिंत सोडून हवेत उडते आणि पुन्हा आपटते, आणि त्या आपटण्याने भिंतीचा टवका जातो. चौथा, अँटीस्केट. हात वाकडा असल्यामुळे सुई आपसूकच मध्याकडे ओढली जाते. ती ओढ तोलणारी ही उलटी ओढ. पाचवा, कार्ट्रिज हेडशेलमध्ये सरळ बसले आहे ना ते कागदी पट्टीने तपासणे.

हे पाचही झाले आणि तरी सुई उडते, तर मग सोयरिकीकडे वळायचे.

कार्ट्रिजमध्ये सुई एका बारीक काडीच्या टोकाला असते आणि ती काडी रबराच्या छोट्या कड्यात धरलेली असते. रबर म्हणजे झाली स्प्रिंग. कार्ट्रिज आणि हात मिळून झाले वजन. स्प्रिंग आणि वजन एकत्र आले, की त्यांची स्वतःची एक झुलण्याची लय ठरते. झोपाळ्याची असते तशीच. झोपाळ्याला त्याच्या लयीत नुसते बोट लावत गेलात, तरी तो छताला भिडेल. लय सोडून कितीही जोर लावा, तो हिसके देईल पण चढणार नाही. आमच्या धंद्यात ह्याला अनुनाद म्हणतात आणि पंप बसवताना आम्ही त्याला टाळण्यासाठीच झटत असतो.

टर्नटेबलवर मात्र हा अनुनाद टाळता येत नाही. तो कुठे बसवायचा एवढेच आपल्या हाती. आता पाहा. तबकडी थोडी वाकलेली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात एकदा, म्हणजे दोन सेकंदांपेक्षा थोड्या कमी वेळात एकदा, सुई वर जाईल आणि खाली येईल. बारीक वळ्या असतील तर सेकंदाला चार-पाच वेळा, फार तर सहा. ह्या हालचालींबरोबर सबंध हाताने वरखाली जायला हवे, होडी लाटेबरोबर जाते तसे. उलट गाणे सुरू होते सेकंदाला वीस कंपनांपासून. गाण्याच्या वेळी हाताने मुळीच हलायचे नाही, फक्त सुईने हलायचे, तरच आवाज निर्माण होतो. म्हणजे हात आणि रबर ह्यांची लय सहाच्या वर आणि वीसच्या खाली हवी. अनुभवाने ठरलेली सुरक्षित गल्ली आहे ८ ते १२ हर्ट्झची.

लय सहाच्या खाली गेली, तर तबकडीचा बाक हाच झोपाळ्याला मिळणारा धक्का ठरतो. हात लाटेबरोबर न जाता लाटेच्या उलट जाऊ लागतो. एका क्षणी सुईवर दुप्पट दाब, दुसऱ्या क्षणी जवळजवळ शून्य. आणि त्या शून्याच्या क्षणी तबल्याची एक थाप पडली, की सुई शेजारच्या खाचेत! लय बारा-तेराच्या फार वर गेली, तर सुई सहसा उडत नाही, पण खर्ज फुगतो आणि मोटरची घरघर आवाजात मिसळते.

ही लय काढायला एक साधे सूत्र आहे. हाताचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचे वजन आणि स्क्रूंचे वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्याला कार्ट्रिजच्या लवचिकतेने गुणा. गुणाकाराचे वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर हर्ट्झमध्ये मिळते. लवचिकतेचा आकडा कार्ट्रिजच्या पत्रकात असतो, मायक्रोमीटर प्रति मिलिन्यूटन ह्या मापात. रबर जितके मऊ तितका आकडा मोठा.

'परिणामी वस्तुमान' ह्या शब्दाने बिचकू नका. वाड्याचा सागवानी दिंडी दरवाजा आठवा. बिजागऱ्या चांगल्या असल्या तर तो एका बोटाने ढकलता येतो. पण तो सुरू व्हायला वेळ लावतो आणि एकदा निघाला की थांबवताना बोट चेमटते. हाताचेही तसेच. मागच्या काउंटरवेटने तोल साधला म्हणजे हात 'हलका' झाला असे वाटते. प्रत्यक्षात दाब हलका होतो, जडत्व तसेच राहते. सुईच्या टोकाला ते जडत्व जेवढे जाणवते, तेवढे परिणामी वस्तुमान. टोकाकडचा एक ग्रॅम पुरा मोजला जातो, बिजागरीजवळचा अगदी थोडा. जात्याचा खुंटा मध्याजवळ बसवला तर दळताना काय होईल, ते आपल्या आज्यांना गणिताशिवाय ठाऊक होते.

आता अमेरातमधल्या एका घराची हकीकत सांगतो. घरातल्या आजी डोंबिवलीहून मुलाकडे आल्या, त्या चाळीसेक एलपी घेऊन. आजोबा गेल्याला आता बरीच वर्षे झाली. मुलाने आईसाठी हौसेने जुना जपानी टर्नटेबल मिळवला, चांगला दणकट, इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या हाताचा. त्यावर त्याच्या मित्राने दिलेले एक उत्तम कार्ट्रिज लावले. 'उत्तम' शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. ते एके काळी भरपूर किमतीचे होते आणि त्याची सुई नवी होती. पहिल्याच संध्याकाळी सुई उडाली. सून म्हणाली, "आई, मोबाइलवर लावून देऊ का? तीच गाणी आहेत." आजी म्हणाल्या, "लाव गं, ऐकते. पण ह्या पेटीचं काय करायचं ते सांगा. वाजत नसतील तर इथून परत नेणार नाही मी. कुणाला तरी द्या."

मग आजींनीच त्यांच्या काळचा उपाय काढला. "अरे, डोक्यावर आठाणे ठेव की! तुझे बाबा तसंच करायचे." पर्समधल्या एका पुरचुंडीतून पन्नास पैशांचे जुने नाणे निघाले, ते हेडशेलवर चिकटपट्टीने बसवले आणि सुई उडायची थांबली. तीन आठवडे सगळे खूश. आम्ही चहाला गेलो तेव्हा कौतुकाने दाखवले, म्हणून आम्हाला कळले.

"आजी, पुढची तबकडी लावण्याआधी ते नाणं काढूया," आम्ही म्हणालो.

"का रे बाबा? वाजतंय की आता."

"वाजतंय, पण सोलून निघतंय."

काट्यावर ते नाणे पाच ग्रॅम भरले. कार्ट्रिजला हवा होता सव्वा ग्रॅम दाब. नाण्यामुळे झाला सव्वासहा. पाचपट! मऊ रबराची काडी पोटात दबलेली, कार्ट्रिजचे बूड तबकडीला घासायच्या बेतात. एच.एम.व्ही.च्या फिएस्टासारख्या त्या काळच्या प्लेअरला हे चालून जाई, कारण त्यांची सिरॅमिक कार्ट्रिज ताठ रबराची असत आणि मुळातच पाच-सहा ग्रॅमवर चालत. तबकड्यांची झीज तेव्हाही होत होतीच, पण सुई निदान त्या वजनासाठी बनवलेली होती. आजोबांचा उपाय आजोबांच्या यंत्रावर शोभत होता.

मग कागद-पेन्सिल घेतली. हाताचे पत्रक मुलाने शोधून ठेवले होते : परिणामी वस्तुमान, हेडशेल धरून, १८ ग्रॅम. कार्ट्रिज साडेसहा, स्क्रू अर्धा. एकूण २५. कार्ट्रिजची लवचिकता ३०. गुणाकार ७५०, वर्गमूळ २७.४, लय ५.८ हर्ट्झ. म्हणजे बरोबर तबकडीच्या वळ्यांच्या घरात. आणि नाण्यासकट? एकूण ३०, गुणाकार ९००, वर्गमूळ ३०, लय ५.३. म्हणजे नाण्याने रोग बरा झाला नव्हता, उलट वाढला होता. फक्त रोगी उठू शकणार नाही इतके ओझे त्याच्या छातीवर ठेवले होते.

दोष ना हाताचा, ना कार्ट्रिजचा. एसटीच्या पाट्यांवर लूना बसवली किंवा लूनाच्या स्प्रिंगवर एसटी ठेवली, तर वस्तू दोन्ही चांगल्या असून प्रवास व्हायचा नाही. १९७०च्या दशकात मऊ रबराच्या कार्ट्रिजची चलती होती, आणि ती कार्ट्रिज हलक्या हातांसाठी होती. जड हात हा ताठ रबरासाठी. पुढे १९८०च्या दशकात ह्या कटकटीवर टी-फोर-पी नावाचे एक मानक आले : कार्ट्रिजचे वजन सगळ्यांचे सहा ग्रॅम, दाब सगळ्यांचा सव्वा ग्रॅम, नुसते खोचा आणि वाजवा. तुमच्या घरी तसला प्लेअर असेल तर निम्मे गणित कारखान्यानेच केलेले आहे.

मुलाने विचारले, "हेडशेल हलकं घेतलं तर?" प्रश्न चांगला होता. पाच ग्रॅम वाचले तर एकूण २०, गुणाकार ६००, लय ६.५. सुधारणा आहे, पण गल्लीत अजून शिरलो नाही. तबकड्या सपाट असत्या तर चालवून घेतले असते. ह्या तबकड्या सपाट नव्हत्या. म्हणून कार्ट्रिजच बदलायचे ठरले.

इथे पत्रकातली एक फसवी जागा सांगून ठेवतो. जपानी कारखाने लवचिकता बहुधा १०० हर्ट्झला मोजून छापतात, आणि आपले सूत्र मागते १० हर्ट्झची. रबर सावकाश दाबले की अधिक लवते, म्हणून जपानी आकड्याला साधारण दीड ते दोनने गुणावे लागते. उदाहरणार्थ ऑडिओ-टेक्निकाचे व्हीएम-९५-ई हे सर्वत्र मिळणारे कार्ट्रिज. वजन ६.१ ग्रॅम, दाब २ ग्रॅम, लवचिकता ७, पण १०० हर्ट्झला. आपल्या हिशेबासाठी ती धरा १२. हात १८, कार्ट्रिज ६.१, स्क्रू आणि नट मिळून ०.९, एकूण पुन्हा २५. गुणाकार ३००, वर्गमूळ १७.३, लय ९.२ हर्ट्झ. गल्लीच्या अगदी मधोमध. पत्रकातला ७ तसाच धरला असता तर लय आली असती १२ आणि आपण एक योग्य वस्तू काठावरची समजून बाजूला ठेवली असती.

उलट्या बाजूचेही एक उदाहरण हवे. डेनॉनचे डीएल-१०३ हे जपानी आकाशवाणीसाठी १९६०च्या दशकात तयार झालेले कार्ट्रिज आजही बनते. वजन साडेआठ ग्रॅम, दाब अडीच ग्रॅम, लवचिकता १०० हर्ट्झला फक्त ५, म्हणजे आपल्या हिशेबाने साडेआठच्या आसपास. ते कुणी पाच ग्रॅमच्या नाजूक हातावर लावले, तर एकूण होतात १४ आणि लय चढते १४.६ वर. इथे आजींचे आठाणे औषध आहे! पाच ग्रॅम हेडशेलवर बसवा, पण लगेच मागचे काउंटरवेट सरकवून दाब पुन्हा अडीच ग्रॅमवर आणा. एकूण १९, लय १२.५. तेच नाणे, एका घरी विष आणि दुसऱ्या घरी गुण. फरक दोन गोष्टींचा : रबर कुठले, आणि नाणे ठेवल्यावर तोल पुन्हा साधला की नाही.

ज्यांना जोडगोळी बदलायची नाही, त्यांच्यासाठी झुला आवरण्याचा आणखी एक मार्ग आहे. काही हातांना तेलाचे शमन असते. दाट सिलिकॉन तेलाच्या वाटीत एक पाते बुडलेले असते आणि ते झोक्याला मागून धरते. शुअर कंपनीच्या १९७८ सालच्या व्ही-१५ चौथ्या आवृत्तीत सुईपुढे एक इवलासा ब्रश होता. तो धूळही काढी आणि झुलणेही आवरी. शुअरने २०१८ साली कार्ट्रिज बनवणेच थांबवले, त्यामुळे आता जुना साठा मिळाला तर मिळाला. आणि जुन्या मालाबाबत सावध राहावे. रबर वर्षानुवर्षे ताठत जाते, कधी चिकट होऊन बसते, आणि पत्रकातला आकडा नुसता इतिहास उरतो.

सूत्राने आलेले उत्तर खरे ठरते का, हे घरी पाहता येते. वाकडी तबकडी लावून डोळा सुईच्या पातळीला आणा. तबकडीबरोबर हात शांतपणे वरखाली जात असेल आणि कार्ट्रिज व तबकडी ह्यांमधले अंतर जवळपास सारखे राहत असेल, तर सोयरीक जमली. ते अंतर भराभर कमीजास्त होत असेल, किंवा मोठ्या स्पीकरचा पडदा आवाज नसतानाही आतबाहेर धापा टाकत असेल, तर जमली नाही. अधिक काटेकोरपणा हवा असणाऱ्यांसाठी 'हाय-फाय न्यूज' ह्या इंग्रजी मासिकाची चाचणी-तबकडी आहे. तिच्यावर एकेक हर्ट्झ उतरत जाणारे सूर आहेत, आणि ज्या सुराला सुई उघड थरथरते ती तुमच्या जोडीची लय.

आता इथल्या हवेबद्दल. एलपी ज्या प्लॅस्टिकची असते ते साठ-सत्तर अंशांच्या सुमारास मऊ होऊ लागते. हे तापमान आपल्याला परके नाही. उन्हाळ्यात बंद मोटारीत ते सहज गाठले जाते. अमेरातहून निघणारा रस्ता ज्या कुरियातला जातो, तिथे जून २०१८ मध्ये एक सबंध दिवस-रात्र पारा ४२.६ अंशांच्या खाली उतरलाच नव्हता. तेव्हा विमानतळावरून पेटी घेऊन निघालात तर बौशरचा डोंगर चढून थेट घरी या. पेटी डिकीत ठेवून वाटेत बाजारहाट नको. घरात तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकमेकींना टेकून पण दाबून नव्हे, आणि पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. आपण जुलै-ऑगस्टमध्ये एसी बंद करून दोन महिने भारतात जातो, तेव्हा मागे घर तापत राहते. तिरप्या ठेवलेल्या तबकड्यांना बाक येतो तो बहुतेक ह्याच दिवसांत. कपाटातली रिकामी जागा पुठ्ठा घालून भरली, तर त्या सरळ उभ्या राहतात. वाकलेली तबकडी ओव्हनमध्ये किंवा उन्हात तापवून सरळ करण्याचे प्रयोग कृपया करू नयेत. मध्यावर ठेवायचे वजन किंवा चकती मिळते, तिने बाक पुष्कळसा आवरतो. उरलेला बाक चांगली जुळलेली जोडी पचवते.

ज्यांच्या पेटीत ७८ फेऱ्यांच्या जाड, ठिसूळ तबकड्या आहेत, त्यांनी एलपीची सुई त्यांना लावू नये. एलपीची गोल टोकाची सुई ०.७ मिलची, म्हणजे सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येची. ७८ ला हवी ३ मिलची, चौपटीहून मोठी. लहान सुई त्या रुंद खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळते आणि सगळी खरखर तेवढी ऐकवते. वर सांगितलेल्या व्हीएम-९५ च्या देहावर ३ मिलची वेगळी सुई बसते. तिला दाब पाच ग्रॅम लागतो, तो बदलायला विसरू नका. जुन्या तबकड्यांची माहिती हवी असेल तर मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ह्या संस्थेचे आणि तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' ह्या नियतकालिकाचे नाव ध्यानात ठेवा. डॉ. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विषयात मोलाचे काम केले आहे.

आजींच्या घरी नवे कार्ट्रिज बसले. चाळीसपैकी सदतीस तबकड्या सरळ वाजल्या. दोन तबकड्यांवर खोल चरे आहेत. तिथे सुई अजूनही अडते आणि अडत राहणार, कारण तिथे खाचेची भिंतच उरलेली नाही. एका तबकडीला कडेला असा उंचवटा आहे, की पहिले गाणे सोडून द्यावे लागते. काही गाण्यांत वरचे सूर खरबरीत येतात. पन्नास वर्षांची झीज आणि तीन आठवड्यांचे आठाणे ह्यांतले कुणाचे किती, हे आता वेगळे काढता येणार नाही. अंडाकृती टोकाची सुई भिंतीला जरा निराळ्या उंचीवर स्पर्श करते, त्यामुळे जुन्या गोल सुईने न घासलेला भाग थोडाफार हाती लागतो, एवढेच समाधान. पण पेटी कुणाला द्यायची नाही हे नक्की झाले. आजी परत जाताना नातीला सांगून गेल्या, "दर शुक्रवारी एक बाजू लाव. आणि वरती काही ठेवू नकोस गं."

म्हणून वाचकांना एक विनंती. ज्यांची सुई उडते आहे, त्यांनी तबकड्या टाकण्याआधी आणि नाणे शोधण्याआधी तीन आकडे लिहून काढावेत : हाताचे परिणामी वस्तुमान, कार्ट्रिजचे वजन आणि कार्ट्रिजची लवचिकता. लवचिकता किती हर्ट्झला मोजली आहे, तेही सोबत लिहावे. हे आकडे आमच्याकडे पाठवून द्या, नाहीतर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाला खिशात घेऊन या. वर्गमूळ आम्ही काढून देऊ. तोवर प्लेअर बंद ठेवलेला बरा.